मागच्या सीटची थंडी

आमच्या तीन बांध्या होत्या. बांधी म्हणजे धानाच्या शेतीचा एक तुकडा, चारही बाजूंनी मातीची पाळ आणि आत पाणी कोंडलेलं. पोंभुर्ण्याच्या बाजूला शेती म्हटली की हेच. आमच्या बांध्या तलावाच्या पाटावर सगळ्यात शेवटी. वरच्या लोकांची धानं पिऊन झाली की उरलंसुरलं पाणी आमच्याकडे यायचं, आणि आलेलं पाणी खेकडे पळवायचे. खेकडा पाळीत बीळ करतो. बीळ अंगठ्याएवढंच, पण सकाळी पाहावं तर आपली बांधी कोरडी आणि शेजाऱ्याची भरलेली. पाणी गेलं की धान गेलं, आणि धान गेलं की घरात वर्षभर कण्यांची आंबील. म्हणून बाबा पावसाळाभर हातात चिखलाचा गोळा घेऊन पाळीवरून फिरायचा. गळती दिसली की बसायचा, गोळा कोंबायचा आणि अंगठ्याने दाबून धरायचा. आई जेवायला हाका मारायची, हा तिकडे अंगठा दाबून बसलेला. मीही टाचेने बिळं बुजवत मोठी झाले. आमच्या घरात ‘पाणी गळून राह्यलं’ हे वाक्य कोणी पूर्ण बोललेलं मला आठवत नाही. ‘पाणी गळ’पर्यंत यायचं आणि बाबा उठलेला असायचा.

दुसरी गोष्ट मागच्या जागेची. गावातून बाहेर जायला एक काळी-पिवळी जीप होती. पुढे ड्रायव्हरजवळ गुरुजी किंवा सरपंच. मधल्या सीटवर धुतलेल्या कपड्यांची माणसं. मागच्या फळ्यांवर आम्ही, आमच्या पायाशी कोंबड्या, आणि बाबा तर पायरीवर लटकलेला. मागे हवा येत नसे. यायची ती धूळ आणि धूर. मी बीएस्सी केलं ते त्या मागच्या फळीवर बसून. कॉलेजात पोचेपर्यंत केस लाल व्हायचे. प्रॅक्टिकलच्या बाईंनी एकदा विचारलंही, “मेंदी लावतेस का गं?” मी हो म्हणाले. काय सांगणार?

तर आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर. आता तालुक्याच्या ठिकाणी शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी पक्की झाल्यावर मी एक वापरलेली मोठी गाडी घेतली, तीन रांगांची. लोक गाडी घेताना मायलेज विचारतात, टायर लाथाडून पाहतात. मी पुढे बसलेसुद्धा नाही. सरळ मागच्या रांगेत जाऊन बसले आणि विकणाऱ्याला म्हणाले, “एसी लावा.” त्या गाडीला मागच्या लोकांसाठी वेगळा एसी आहे. मागच्या डाव्या चाकाच्या वर, आतल्या प्लास्टिकच्या आवरणामागे एक पेटीच बसवलेली, तिचा पंखा वेगळा, मधल्या आणि शेवटच्या रांगेकडची हवेची तोंडं वेगळी. हवा आली. गार होती. मी म्हणाले, “घेतली.”

बाबा त्या गाडीत नेहमी मागेच बसायचा. पुढे बसा म्हटलं तर म्हणायचा, “पुढं का हाये? पुढं तर सारेच बसते.” आणि जो भेटेल त्याला माझी ओळख करून द्यायचा. “हे माही पोरगी. बीएस्सी हाये.” पेट्रोल भरणाऱ्याला. नाक्यावरच्या शिपायाला. एकदा रस्त्यात आडव्या बसलेल्या गाईलाही म्हणाला, “सरक वं बाई, बीएस्सी येऊन राह्यली.”

मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी मुलचेऱ्याच्या पलीकडची, चांगली हसरी. साक्षगंधाला आम्ही सगळे याच गाडीतून गेलो. कुंकू लावून झालं, चहा झाला, तारीख निघाली ती ऐन मे महिन्यातली. तेव्हा कोपऱ्यात बाजेवर बसलेली मुलीची आजी पहिल्यांदा बोलली.

“नवरी कायच्यात नेता?”

“गाडीत,” माझा भाऊ म्हणाला.

“गाडीत तर मोठीलेई नेलं होतं.” आजीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “आमची मोठी नात सासरी उभी नाई गेली बापा, आडवी गेली. गाडीतच चक्कर आली. दारात माप ओलांडाचं सोडून मापावरच पडली. तांदूळ साऱ्या आंगनात. आजपावतो तिचे सासरचे सांगतेत, आमची सून लोळत आली म्हनून. मी हे दुसऱ्या टाइमाले नाई पाहनार.”

“मग का करायचं आजी?” भावाने विचारलं.

“पानी पडल्यावर नेजा नवरी.”

भावाचा चेहरा उतरला. पाणी पडल्यावर म्हणजे काय, हे त्या भागात सगळ्यांना कळतं. पाणी पडलं की नाले भरतात, नाले भरले की नाल्यांवरचे बुटके रपटे बुडतात, मग धानाची रोवणी, मग कापणी. लग्न मे महिन्यात आणि नवरी दिवाळीत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर न्यावं, तर त्यांच्याकडे आणि आमच्याकडेही रीत एकच, दिवे लागायच्या आत नवरी उंबऱ्याच्या आत. मधे जंगलाचा रस्ता. म्हणजे निघायचं ते दुपारीच.

आणि तेव्हा बाबा उभा राहिला. हे सांगायला पाहिजे की बाबा आयुष्यात कधी चार माणसांत उभा राहून बोलला नव्हता. पाटाच्या पाण्याच्या बैठकीला जायचा आणि तसाच परत यायचा. इथे मात्र खांद्यावरचा दुपट्टा सारखा करून तो म्हणाला,

“आजी, आमच्या गाडीत मांगंई थंडी हाये. तुमची पोरगी कुडकुडत येईन. माहा शब्द हाये.”

सगळे हसले. आजी हसली नाही. म्हणाली, “पाहीन. आधी मी सोता बसून पाहीन, मंग नवरी बसन. थंडी नसन तर नवरी उतरन.”

घरी परतताना बाबा मागे ताठ बसून होता. आई म्हणाली, “कायले बोलले जी एवढं?” तो म्हणाला, “खरं तेच बोललो.”

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मागचा एसी बंद पडला.

पुढे गार, मागे भट्टी. बटण दाबलं तरी मागून आवाजसुद्धा येईना. मी गाडी चंद्रपूरला एसीवाल्या मेकॅनिककडे नेली. बाबा बरोबर आला. मेकॅनिक मनमोकळा माणूस, पण त्याच्या हिशेबाने जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण एकच.

“गॅस,” तो म्हणाला. “मॅडम, एसी म्हंजे गॅस. बाकी सारं प्लास्टिक.”

“गॅस संपला असता तर पुढेही गार नसतं ना? गॅस एकच आहे,” मी म्हणाले.

“बीएस्सी हाये,” बाबा म्हणाला.

मेकॅनिकने तरी गॅस तपासला. बरोबर निघाला. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही पुढं बसून बटनं दाबा. काका, तुम्ही मांगं बसा अन हवा येते का ते सांगा.” तो स्वतः बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिला. मी बटण दाबलं.

“येऊन राह्यली का काका?”

“येऊन राह्यली!” मागून बाबा.

“थंड हाये?”

“बरफ!”

मेकॅनिकने बॉनेट खाली टाकलं. “गाडी चांगली हाये मॅडम. जा.”

मी गाडी घेऊन निघाले. थोडं पुढे गेल्यावर आरशात पाहिलं तर बाबाच्या कपाळावरून घामाच्या धारा, सदरा पाठीला चिकटलेला आणि चेहऱ्यावर मात्र सुखी माणसाचं हसू. मी गाडी बाजूला घेतली, मागे जाऊन हवेच्या तोंडाला हात लावला. हवा नव्हतीच. गरमही नव्हती, गारही नव्हती.

“बाबा, हे काय?”

“थोडी थोडी येते व,” तो म्हणाला. “ध्यान देलं तर समजते.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या कामात माझी अडचण दुहेरी आहे. एसी बंद आहे आणि एसीचा साक्षीदार फितूर आहे. शब्द दिल्यापासून बाबाच्या लेखी मागे गरम असणं शक्यच नव्हतं. घरी कोणी विचारलं, “मांगं थंड लागते का जी?” तर तो गाडीतून उतरताना दुपट्टा अंगाभोवती गुंडाळून उतरायचा. मे महिना तोंडावर, कावळे सावलीत चोची उघडून बसलेले, आणि आमचा बाबा दुपट्टा गुंडाळून.

पुढच्या खेपेला मी शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेला. मेकॅनिकने विचारलं, “काका, कसं हाये?” बाबा म्हणाला, “बरफ.” मी थर्मामीटर त्याच्या कानाशेजारून काढून दाखवला. पारा त्रेचाळीसवर. मेकॅनिकने आधी थर्मामीटरकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “काकाची तब्येत बरी हाये ना?”

“तब्येत ठीक आहे. त्यांनी शब्द दिलाय,” मी म्हणाले आणि आजीची सगळी गोष्ट सांगितली. त्याने ती बूड टेकून ऐकली. त्यालाही मे महिन्यातच बायको आणायची होती की काय कोण जाणे, पण त्या दिवसापासून तो जीव लावून कामाला लागला.

आधी फ्यूज सापडला. मागच्या पंख्याचा फ्यूज जळाला होता. नवा घातला, पंखा ‘घर्र’ करून थांबला, फ्यूज गेला. आणखी एक घातला, तोही गेला. “वायर हाये,” तो म्हणाला. “उंदरानं खाल्ली असन. तुमच्या गावचे उंदीर धान खाऊन खाऊन कंटाळले असतेन.” मग त्याने उंदीर शोधायला सगळ्या सीटा काढल्या, चटया उपसल्या. उंदीर निघाला नाही. आईची हरवलेली फणी निघाली, मूठभर मोहफुलं, माझ्या वर्गातल्या कोणाचं तरी पेनाचं टोपण आणि वाळून कडक झालेला एक बोंबील. बाबाने बोंबील ओळखला. “हा आष्टीच्या बजारातला,” तो म्हणाला आणि खिशात ठेवला.

वायरी सगळ्या धड होत्या. मेकॅनिक म्हणाला, “एक डाव आतली पेटी खोलून पाहू. उद्या या.”

इकडे घरी माझ्या भावाने आपली तयारी चालवली होती. त्याचा माझ्यावर भरवसा होता, पण दिवाळीची भीती जास्त होती. त्याने घरातला छोटा कूलर गाडीच्या मधल्या रांगेत चढवला, बॅटरीवर जोडला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि मला बोलावलं.

“पाह्य ताई, थंड हवा येते का नाई?”

येत होती. खरंच येत होती. मधली रांग संपूर्ण भरून गेली होती. वाळ्याचा वास सुटला होता, खिडक्यांवर दव जमलं होतं.

“आणि नवरी कुठे बसेल?”

आई दारातून म्हणाली, “नवरी तिथंच राहू दे. कूलरलेच माप ओलांडाले लाव.”

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा परत चंद्रपूरला निघालो. बाबा नेहमीप्रमाणे मागे, डावीकडे, हवेच्या तोंडाजवळ. गावाबाहेरच्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि मागून आवाज आला, डुबुक. मी आरशात पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होता.

“काय वाजलं?”

“कुठी का?”

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा. डुबुक. या खेपेला बाबाच्या तोंडून निसटलंच. “भरली हाये,” तो पुटपुटला. आवाज मीही ओळखला. काठोकाठ भरलेल्या बांधीत पाय घातला की तसाच आवाज येतो. पण गाडीत बांधी कुठून येणार? मी विचारणार, तेवढ्यात उजवीकडच्या झुडपातून एक म्हैस रस्त्यावर आली, काही घाई नसल्यासारखी. मी सगळा भार ब्रेकवर टाकला.

गाडी थांबली. म्हैस थांबली. आणि मागच्या एसीच्या तोंडातून पाण्याचा एक लोट सरळ बाबाच्या छातीवर आला. सदरा, धोतर, दुपट्टा, सगळं भिजलं. भिजलेल्या अंगाने बाबा ओरडला,

“आली! थंडी आली! पाह्य, म्हनलो होतो ना मी?”

म्हशीनेही मान वळवून पाहिलं.

गॅरेजात मेकॅनिकने प्लास्टिकचं आवरण उघडलं आणि मागे सरला. आतली पेटी पाण्याने भरलेली होती. पंख्याची मोटर त्या पाण्यात बुडून बसली होती. “मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही गाडीत मासोळ्या पाळून राह्यल्या का?” बादली आणून त्याने पाणी उपसलं. “पानी आत साचते म्हंजे बाहेर जायाची वाट बंद हाये. खालून एक नळी असते. केरानं चोंदली असन.” तो गाडीखाली शिरला. मीही शिरले, माझ्या साडीची पर्वा न करता, कारण आता मला पाहायचंच होतं.

मागच्या चाकाच्या बाजूला एक रबरी नळी खाली आली होती. तिच्या तोंडात केर नव्हता. एक गोळा होता, कठीण, तांबूस, चकचकीत. पळसावरची लाख तापवून राखेत मळून केलेला. असा गोळा आमच्याकडे फुटक्या घागरीला लावतात. एकदा थिजला की घागर फुटेल, गोळा सुटत नाही. आणि त्या गोळ्यावर एक अंगठा स्वच्छ उमटला होता. रुंद, मधोमध विळ्याचा जुना वण असलेला. माझ्या शाळेच्या दाखल्यापासून कॉलेजच्या अर्जापर्यंत पालकाच्या सहीच्या जागी तोच आहे. तो अंगठा मी कुठेही ओळखते.

“हे उंदराचं काम नाई,” मेकॅनिक पडल्या पडल्या म्हणाला.

मी गाडीखालून डोकं बाहेर काढलं. बाबा बाकावर ओल्या कपड्यांत बसला होता.

“बाबा, हे तुम्ही बुजवलं?”

त्याने मेकॅनिककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “गळून राह्यलं होतं.”

“कधी?”

“साक्षगंधाहून आलो तवा. आंगनात गाडी उभी होती अन मांगच्या चाकापाशी टपटप टपटप. हात लावून पाह्यलं तर थंडगार पानी. म्हनलं, सारी थंडी इथूनच वाहून राह्यली. अशी गळत राह्यली तर लग्नापावतो का उरन आजीले दाखवाले? तर मी बुजवली.”

मेकॅनिक गाडीखालीच हसायला लागला. हसताना त्याचं डोकं खालच्या पत्र्याला लागलं तरी थांबेना. मला राग यायला पाहिजे होता. पण ज्या माणसाने जन्मभर एकच गोष्ट चोख केली, त्याने तीच इथेही केली होती. बीळ दिसलं, बुजवलं. आणि ते त्या शब्दासाठी बुजवलं, जो त्यानेच दिला होता.

“पुढूनही पाणी गळतं गाडीचं. ते का नाही बुजवलं?” मी विचारलं.

“समोरच्याले मी कायले हात लावू?” तो म्हणाला. “शब्द मांगचा देला होता.”

मी त्याच्या शेजारी बसले आणि समजावून सांगितलं. ते एसीचं पाणी नाही, एसीत पाणी भरलेलंच नसतं. माठातलं गार पाणी लोट्यात ओतलं की लोट्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच. हवेतली वाफ गार पेटीला लागून तिचं पाणी होतं. ते बाहेर जायलाच पाहिजे. गळतंय म्हणजे एसी चालतोय. बाबा नीट ऐकत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर वेगळंच दुःख आलं.

“म्हंजे हवेतून पानी निंगते?”

“हो.”

“अन ते आपन रस्त्यावर सांडत फिरतो?”

मी उठून मेकॅनिकच्या हातात पक्कड दिली.

लाखेचा गोळा निघेना. पक्कड घसरली, तार वाकली. शेवटी मेकॅनिकने नळीचं टोकच कापलं. पण मोटर बुडून बसली होती ते काही बरं नव्हतं. नवी मोटर चंद्रपुरात नव्हती, नागपूरला विचारलं तर म्हणे मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. लग्न पुढच्या आठवड्यावर. मेकॅनिकने मोटर खोलली, हातात घेऊन हलवली, आतून पाण्याचे थेंब उडाले. “वाळली पाहिजे,” तो म्हणाला. “पुरी आतून वाळली तर चालन.”

“वाळवायचं ना?” बाबा म्हणाला आणि उठला. त्याच्या अंगात जणू नवा जीव आला.

गॅरेजच्या टिनाच्या छपरावर त्याने एक पोतं पसरलं, त्यावर मोटरचे सुटे भाग मांडले आणि दुपारभर सावलीत उभा राहून त्यांच्यावर नजर ठेवली. मोहफुलं वाळवतात तसं. थोड्या वेळाने शिडी चढायचा, एकेक भाग पलटी करायचा, नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा, खाली येऊन सांगायचा, “आजून दमट हाये.” ज्या उन्हाला आम्ही सगळे शिव्या देत होतो, ते ऊन त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. मेकॅनिक म्हणाला, “चंद्रपूरचं ऊन हाये काका, इथी पापच वाळून जाते, मोटर का चीज हाये?”

संध्याकाळी त्याने मोटर साफ करून, तेल देऊन बसवली. नवा फ्यूज घातला. “काका, मांगं बसा.”

“नको,” मी म्हणाले. “मी बसते. बाबा, तुम्ही पुढे बसा आणि बटण दाबा.”

बाबा पहिल्यांदा पुढे बसला. कोणतं बटण ते दाखवल्यावर त्याने अंगठ्याने दाबलं. मागे पंखा फिरला. आधी कोमट हवा आली, त्यात लाखेचा, तेलाचा आणि बोंबलाचा वास. मग गार झाली, मग आणखी गार.

“येऊन राह्यली का?” बाबाने पुढून विचारलं.

“येऊन राह्यली,” मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं. थोड्या वेळाने गाडीखाली मागच्या चाकापाशी पहिला थेंब पडला. बाबा उतरून त्याच्याकडे पाहत उभा राहिला. दोन्ही हात मागे बांधून.

लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या आणि भर दुपारी बिदाई निघाली. नवरदेवाची बहीण म्हणून करवली मीच आणि ड्रायव्हरही मीच, त्यामुळे जरीच्या साडीत स्टेअरिंगवर बसलेल्या करवलीला पाहायला निम्मं गाव लोटलं. नवरी डोळे पुसत गाडीजवळ आली. तेवढ्यात आजीची काठी आडवी आली.

“थांब. आधी मी.”

वाजंत्री थांबली. आजी आत चढली, दार लावून घेतलं, हवेच्या तोंडासमोर तळहात धरला आणि डोळे मिटले. बाहेर सगळे उन्हात उभे. माझा भाऊ फेट्याखाली घामाने निथळत होता. बाबा गाडीच्या मागच्या चाकाजवळ उभा. काचेतून आजी दिसत होती, देवळात बसावं तशी. बऱ्याच वेळाने तिने काच थोडी खाली केली.

“का म्हनता आजी?” बाबाने विचारलं.

“काच लावतो मी. थंडी बाहीर जाऊन राह्यली,” आजी म्हणाली आणि काच वर केली.

मग ती उतरेचना. नवरीच्या वडिलांनी हात जोडले, “माय, उतर आता, पोरीले बसू दे.” आतून उत्तर आलं, “पाठराखीण म्हनून मीच जातो.” पाठराखीण म्हणून एक मावशी केव्हाची सजून बसली होती, ती रुसून मंडपात परत गेली. नवरी आजीशेजारी बसली, बाबा शेवटच्या रांगेत. भाऊ पुढे माझ्याजवळ, कारण त्याचा फेटा मागे मावत नव्हता.

खनिजाच्या ट्रकांमागून, लाल धुळीतून आम्ही आष्टीपर्यंत आलो. वैनगंगेचा पूल ओलांडताना मागून बारीक आवाज आला.

“ताई, थोडं कमी करता का? कुडकुडून राह्यली मी.”

मी बटणाकडे हात नेला. आजीची काठी माझ्या सीटला लागली.

“राहू दे,” ती म्हणाली. “कुडकुडतच जायाचं ठरलं हाये. शब्द देला हाये त्यायनं.”

मी आरशात पाहिलं. शेवटच्या रांगेत बाबा दुपट्टा गुंडाळून बसला होता. या वेळी त्याला खरंच थंडी वाजत होती. त्याने दुपट्टा काढून पुढे नवरीला दिला.

दिवे लागायच्या आत आम्ही घरी पोचलो. नवरी आपल्या पायांनी उतरली, उभी राहिली आणि उभ्यानेच माप ओलांडलं. आईने ओवाळताना तिचा हात धरला आणि म्हणाली, “बाप्पा, पोरगी तर गारठून गेली!” आजीने ते अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दोनदा वदवून घेतलं.

लोक आत गेल्यावर बाबा मागच्या चाकापाशी आला. पाणी गळत होतं. टपटप, टपटप. मी त्याच्याकडे लक्ष ठेवून होते. तो वाकला, थेंब तळहातावर घेतला, माझ्याकडे पाहिलं.

“नाई बुजवत,” तो म्हणाला. “पन गाडी जराशी मांगं घे.”

“कशाला?”

“घे तं खरी. डावीकडं. आनखी. हां, बस.”

मी उतरून पाहिलं. थेंब आता आईच्या वांग्याच्या आळ्यात पडत होते.

तेव्हापासून मी गाडी तिथेच उभी करते. माझ्या भावाची बायको आमच्या घरी उभी आली, बाबाने चार माणसांत दिलेला शब्द राहिला आणि आमच्या गाडीचा मागचा एसी चालतो.